शहरी बेघर निवारा (महाराष्ट्र)

शहरी बेघर निवारा ही शहरात डोक्यावर छप्पर नसलेल्या व्यक्तींना मुक्काम, स्वच्छतागृह, पाणी, प्रथमोपचार आणि शासकीय योजनांशी जोडून देणारे साहाय्य पुरवण्याची सार्वजनिक व्यवस्था आहे. महाराष्ट्रात ती महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायती यांच्यामार्फत, बहुतेक ठिकाणी स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने चालवली जाते. तिच्या सध्याच्या स्वरूपाचा पाया सर्वोच्च न्यायालयाचे २०१० नंतरचे आदेश आणि २०१३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान यांनी घातला. या अभियानाच्या नावाला पुढे 'दीनदयाळ अंत्योदय योजना' हे शब्द जोडले गेले. 'शहरी बेघरांना निवारा' हा त्याचा एक घटक होता.

या व्यवस्थेचा विचार बहुधा मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगरांच्या संदर्भात होतो. या शहरांच्या पदपथांवर, पुलांखाली आणि बांधकामांच्या आडोशाला झोपणाऱ्यांपैकी काही जण मात्र घर असलेले असतात, पण ते घर शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या पाड्यात असते. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे तालुके या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात, म्हणून त्यांचा परामर्श पुढे स्वतंत्रपणे घेतला आहे.

व्याख्या आणि गणना

भारतीय जनगणनेत 'बेघर कुटुंब' म्हणजे जनगणनेच्या अर्थाने 'घर' मानल्या जाणाऱ्या वास्तूत न राहणारे कुटुंब. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर किंवा देवळाच्या मंडपात उघड्यावर राहणारे लोक या व्याख्येत येतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री करण्यात आली. तिच्यात देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार व्यक्ती बेघर आढळल्या, त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होत्या. महाराष्ट्राचा आकडा सुमारे २ लाख ११ हजार असून त्यातील निम्म्याहून थोडे अधिक लोक शहरी भागात होते. बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. २००१ च्या तुलनेत देशातील बेघरांची एकूण संख्या घटली, पण शहरी बेघरांची संख्या वाढली.

एका रात्रीच्या मोजणीला स्वाभाविक मर्यादा आहेत. हमाल आणि रात्रपाळीचे मजूर त्या वेळी कामावर असतात. एकट्या स्त्रिया सुरक्षिततेसाठी मुद्दाम दिसणार नाहीत अशा जागी झोपतात. बांधकामाच्या आवारात पत्र्याच्या खोपीत राहणारे कुटुंब 'घरात' धरायचे की 'बेघर', हे प्रगणकाच्या नजरेवर ठरते. म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था जनगणनेचे आकडे किमान मर्यादा म्हणून स्वीकारतात.

बेघर आणि झोपडपट्टीवासी या दोन संज्ञांची गल्लत वारंवार होते. झोपडीला कच्ची का होईना भिंत असते, बहुधा क्रमांक असतो, आणि विशिष्ट दिनांकापूर्वीची असल्यास कायद्याचे संरक्षणही असते. पदपथावरच्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते.

पार्श्वभूमी

वाटसरू, यात्रेकरू आणि निराधार यांना आसरा देण्याची परंपरा महाराष्ट्रात धर्मशाळांच्या रूपाने जुनी आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, मुंबई आदी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या, स्वतः मात्र त्यांपैकी एकीचाही घर म्हणून उपयोग केला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. धर्मशाळा आणि आजचा निवारा यांत एक मूलभूत अंतर आहे. धर्मशाळा दात्याच्या पुण्यबुद्धीवर चालते, निवारा हा नागरिकाचा हक्क आणि स्थानिक संस्थेचे कर्तव्य मानला जातो. तरीही परळच्या मोठ्या रुग्णालयांभोवती पदपथावर मुक्काम करणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना आजही धर्मशाळांचाच आधार अधिक लाभतो.

बेघरांकडे पाहण्याची कायद्याची जुनी दृष्टी शिक्षेची होती. मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९५९ यानुसार उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणे, हेही भीक मागण्याच्या व्याख्येत येते. अशा व्यक्तीला पकडून भिक्षेकरी गृहात ठेवता येते. मुंबईत चेंबूरचे भिक्षेकरी गृह त्यासाठी प्रसिद्ध आहे. हा कायदा पुढे इतर अनेक राज्यांनी आणि दिल्लीने स्वीकारला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच्या प्रमुख तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या, तो निर्णय महाराष्ट्राला लागू नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'कोशिश' हा क्षेत्रीय प्रकल्प २००६ पासून बेघर आणि भिक्षेकरी गृहातील व्यक्ती यांच्या पुनर्वसनासाठी काम करतो.

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या सरकारने मुंबईतील पदपथवासीयांना हटवून शहराबाहेर पाठवण्याचा निर्णय घेतला. पावसाळा ऐन भरात होता. या कारवाईविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिलेल्या निकालात, राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, असे तत्त्व मांडले. माणूस पदपथावर राहतो तो हौसेने नव्हे, काम जवळ असते म्हणून, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र पदपथ मोकळा करण्याचा महापालिकेचा अधिकारही त्याच निकालाने उचलून धरला, पाडकाम ३१ ऑक्टोबरपर्यंत लांबवले आणि १९७६ च्या गणनेचे ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितले. म्हणजे तत्त्व पदपथवासीयांच्या पदरात पडले, जागा मात्र गेली. विद्यार्थ्यांना हा निकाल शिकवताना त्याचा पहिला भाग सांगितला जातो आणि दुसरा बहुधा गाळला जातो.

याच सुमारास, १९८५ मध्ये, भायखळा परिसरात काम करणाऱ्या 'स्पार्क' या संस्थेने पदपथवासी कुटुंबांची पाहणी करून ती प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक कष्टकरी होते आणि बसभाडे वाचवण्यासाठी कामाच्या जागेजवळच राहत होते. या कामातून पदपथावरील स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली.

केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये पदपथवासीयांसाठी रात्र-निवारे आणि स्वच्छतागृहे बांधण्याची योजना आणली होती. ती फारशी रुजली नाही आणि २००५ मध्ये राज्यांकडे सोपवण्यात आली.

न्यायालयीन आदेश

डिसेंबर २००९ मध्ये ऐन थंडीत दिल्लीतील पुसा रस्त्यावरचा तात्पुरता निवारा हटवण्यात आला. अन्नाच्या हक्काविषयी २००१ पासून सुरू असलेल्या खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी ही बाब पत्राद्वारे न्यायालयाच्या निदर्शनास आणली. जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने दिल्लीसाठी आणि पुढे सर्व राज्यांसाठी आदेश दिले. त्यांतून आजचा परिचित निकष आला: शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा एक निवारा, आणि तो केवळ रात्री किंवा थंडीत नव्हे, तर वर्षभर दिवसाचे चोवीस तास खुला.

हे आदेश कितपत पाळले गेले, हे तपासण्यासाठी न्यायालयाने २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली. पैसा असूनही खर्च होत नाही, ही या प्रकरणातील मुख्य तक्रार होती. त्यानंतर प्रत्येक राज्यात देखरेख समिती नेमण्याचे निर्देश देण्यात आले.

मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका प्रसंगपरत्वे बदललेली दिसते. जुलै २०२१ मध्ये एका जनहित याचिकेवर निर्णय देताना, बेघरांनीही देशासाठी काम केले पाहिजे, राज्याने सर्वच फुकट पुरवणे शक्य नाही, अशा आशयाचे मत एका खंडपीठाने व्यक्त केले. मार्च २०२३ मध्ये दक्षिण मुंबईतील पदपथांसंबंधीच्या प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने, बेघर हीही माणसेच असून त्यांना फेकून देता येणार नाही, असे बजावले.

योजनेचे स्वरूप आणि निधी

अभियानाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवारा पक्का, सर्व ऋतूंत वापरण्याजोगा आणि ५० ते १०० व्यक्तींच्या क्षमतेचा असावा, आणि प्रत्येक व्यक्तीला किमान ५० चौरस फूट जागा मिळावी. पाणी, वीज, न्हाणीघर, शौचालय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवण्यासाठी कुलपाची पेटी, प्रथमोपचार आणि लहान मुलांना अंगणवाडीशी जोडून देणे या किमान सोयी होत. स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध, मनोरुग्ण अशा गटांसाठी वेगळे निवारे अपेक्षित आहेत. निवारा रेल्वे स्थानक, एसटी स्थानक, घाऊक बाजार अशा, बेघर जिथे प्रत्यक्ष असतात त्या ठिकाणांजवळ असावा. ही शेवटची अट कागदावर साधी दिसते, पण मोक्याच्या ठिकाणी महापालिकेची जागा क्वचितच मोकळी असते. म्हणून बंद पडलेल्या पालिका शाळांच्या इमारतींना अनेक शहरांत निवाऱ्याचे रूप मिळाले.

खर्चाची विभागणी आरंभी केंद्र ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के अशी होती, नंतर ती ६०:४० झाली. पन्नास जणांच्या निवाऱ्याच्या व्यवस्थापनासाठी वर्षाला ६ लाख रुपये धरण्यात आले होते. हिशेब केला तर माणशी दररोज सुमारे ३३ रुपये होतात. यात व्यवस्थापक आणि काळजीवाहक यांचे मानधन, वीज, पाणी, साफसफाई, अंथरूण-पांघरूण आणि औषधे सारे बसवायचे. जेवणाची तरतूद यात फारशी होऊ शकत नाही, त्यामुळे केंद्रचालक देणगीदार, गुरुद्वारे, गणेश मंडळे यांच्यावर विसंबतात. राज्य शासनाची २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेली, १० रुपयांत जेवण देणारी शिवभोजन थाळी योजना काही प्रमाणात ही उणीव भरून काढते. केंद्राचा आधार ठरावीक वर्षांपुरता असतो, पुढे निवारा चालवणे स्थानिक संस्थेच्या उत्पन्नावर अवलंबून राहते. महानगरपालिकेला हे झेपते, लहान नगरपरिषदेला जड जाते.

संपर्ककार्य

निवारा बांधला म्हणजे बेघर आपण होऊन येतील, ही अपेक्षा अनुभवाने खोटी ठरवली आहे. सामान चोरीला जाण्याची भीती, नवरा-बायकोला वेगवेगळे ठेवण्याचा नियम, दारूच्या व्यसनामुळे होणारा नकार, पाळलेल्या कुत्र्याला बंदी, पहाटे चारला नाक्यावर किंवा बाजारात पोहोचण्याची निकड, आणि सर्वांत वर म्हणजे भिक्षेकरी कायद्याखाली पकडले जाण्याचा धसका, ही न येण्याची कारणे होत. म्हणून रात्री फिरून लोकांना भेटणे, त्यांच्याशी ओळख वाढवणे आणि त्यांचा विश्वास मिळवणे हे निवाऱ्याच्या इमारतीइतकेच महत्त्वाचे काम समजले जाते. त्याला संपर्ककार्य म्हणता येईल. बहुतेक शहरांत पोलीस, पालिका कर्मचारी आणि संस्थेचे कार्यकर्ते हिवाळ्यात एकत्र अशी रात्रपाहणी करतात. तिच्यात पोलीस गाडी पुढे असली तर पदपथ रिकामा होतो, कार्यकर्ते चहाची किटली घेऊन पुढे गेले तर माणसे बोलतात.

संपर्ककार्याचा दुसरा भाग कागदपत्रांचा आहे. शिधापत्रिका, आधार, बँक खाते या प्रत्येकाला पत्ता लागतो, आणि पत्ता नसणे हीच तर बेघरपणाची व्याख्या. निवाऱ्याचा पत्ता यासाठी वापरण्याची मुभा योजनेत अभिप्रेत आहे. मतदार नोंदणीबाबत निवडणूक आयोगाची तरतूद लक्षणीय आहे. बेघराने पत्त्याचा पुरावा देण्याची आवश्यकता नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री त्या जागी जाऊन अर्जदार खरोखर तिथेच झोपतो, याची खात्री करून घ्यायची असते.

रस्त्यावरील मनोरुग्णांसाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकलेली आहे. महाराष्ट्रात या कामाची सुरुवात सरकारी योजनेच्या कितीतरी आधी झाली. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेली श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातील त्यांच्या घरी पोहोचवते. तिचे केंद्र कर्जत येथे आहे, आणि या कार्यासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगर (अहमदनगर) येथील माउली सेवा प्रतिष्ठान मनोरुग्ण निराधार स्त्रियांना आश्रय देते. पनवेलजवळील 'सील' आश्रम मुंबई परिसरातील बेवारस रुग्णांना सांभाळतो. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे भिक्षेकऱ्यांवर रस्त्यातच उपचार करतात. मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून मुंबईतच सुरू झाली.

राज्यातील केंद्रे

सांगली येथे महानगरपालिका आणि इन्साफ फाउंडेशन यांचे 'सावली' बेघर निवारा केंद्र आणि कोल्हापुरात महानगरपालिकेसोबत 'एकटी' संस्थेने चालवलेले निवारे ही मध्यम आकाराच्या शहरांतील परिचित उदाहरणे आहेत. अशा शहरांत निवारेकरी मुख्यतः घराबाहेर पडलेले वृद्ध, स्मृती हरपलेल्या व्यक्ती आणि निराधार स्त्रिया असतात. मुंबईत चित्र वेगळे आहे. तिथे पदपथावर दोन-तीन पिढ्या काढलेली कुटुंबे आहेत, आणि कुटुंबांना सामावणारे निवारे सर्वांत कमी आहेत. पालिकेने दाखवलेल्या निवाऱ्यांपैकी बरेचसे मुलांसाठीचे होते, यावरही आक्षेप घेतला गेला.

मुंबईच्या २०११ च्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येला वर सांगितलेला निकष लावला, तर सुमारे १२५ निवारे आणि १२,५०० जागा होतात. नोंदवलेल्या ५७ हजार बेघरांपैकी जेमतेम एकपंचमांश लोकांना त्या पुरतील. म्हणजे निकष पूर्णपणे पाळला गेला, तरी पाचांपैकी चार जण बाहेरच राहतात.

डहाणू आणि तलासरी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून, डहाणू आणि तलासरी तालुके आहेत. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी हे येथील आदिवासी समाज. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दहापैकी नऊ आणि डहाणू तालुक्यात दहापैकी जवळपास सात व्यक्ती अनुसूचित जमातींच्या होत्या. डहाणू शहराची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ५० हजार होती. तेथे नगरपरिषद आहे, तर तलासरीला नगरपंचायत. निकषाप्रमाणे डहाणू शहराच्या वाट्याला अवघ्या पन्नास जणांचा निवारा येतो.

या तालुक्यांतील प्रश्न मात्र डहाणूच्या रस्त्यावर दिसत नाही. येथली भातशेती पावसावरची आणि बहुतेकांची जमीन थोडी. कापणी-झोडणी झाली, दिवाळी सरली, की पाड्यांवरची कुटुंबे बाहेर पडतात. त्याला इकडे 'जगायला जाणे' असे म्हणतात. 'स्थलांतर' या कागदोपत्री शब्दापेक्षा हा शब्दप्रयोग अधिक नेमका आहे. काही कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण भागातील वीटभट्ट्यांवर जातात, काही वसई-विरार, मीरा-भाईंदर, ठाणे आणि मुंबईतील बांधकामांवर, काही सीमेपलीकडे उंबरगाव आणि वापीच्या कारखान्यांत. होळीला बहुतेक जण गावी परततात. मग राब भाजणे, चैत्र पौर्णिमेपासूनची विवळवेढे येथील महालक्ष्मीची जत्रा आणि पुन्हा मृगाच्या पावसापर्यंत जमेल तसे काम, असे वर्षाचे चक्र असते.

शहरात गेलेल्यांपैकी ज्यांना बांधकामाच्या आवारात जागा मिळते, ते खोपीत राहतात. ज्यांना रोज नाक्यावर उभे राहून काम शोधावे लागते, ते उड्डाणपुलाखाली, रेल्वेच्या कडेला किंवा मोकळ्या मैदानात मुक्काम करतात. भांडी, गोधड्या आणि फावडे-घमेले यांचे बोचके दिवसा झाडाला किंवा कुंपणाला बांधून ठेवलेले असते, आणि पालिकेच्या अतिक्रमणविरोधी गाडीने ते उचलले तर कुटुंबाचा सारा संसार जातो. निवाऱ्याच्या दृष्टीने ही माणसे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. त्यांच्याकडे आधार आहे, त्यावर गावचा पत्ता आहे, कित्येकांना घरकुलही मिळालेले आहे. म्हणून ती 'बेघर' नाहीत. शहरात वर्षातून चार-सहा महिने असतात, म्हणून शहराची रहिवासीही नाहीत. शिवाय ती एकटी नसून कुटुंबासह, कधी पाड्यातल्या चार-पाच कुटुंबांच्या जथ्याने असतात, आणि निवारे बहुधा स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवतात.

वीटभट्टीची स्थिती आणखी निराळी आहे. भट्टीमालकाकडून पावसाळ्यातच घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे 'बयाणा', फेडण्यासाठी कुटुंब भट्टीवर राबते. तेथे विटा रचून आणि वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून केलेल्या तात्पुरत्या झोपडीला 'भोंगा' म्हणतात. भट्ट्या बहुतांशी ग्रामपंचायतींच्या हद्दीत असल्याने शहरी योजना तिथे पोहोचत नाही. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या 'विधायक संसद' या संस्थेने १९९० च्या दशकात भट्टीवरील मुलांसाठी चालवलेल्या 'भोंगा शाळा' हे या भागातील संपर्ककार्याचे महत्त्वाचे उदाहरण आहे. त्याची वैचारिक नाळ याच तालुक्यात सापडते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे कार्य याच विचारावर उभे होते, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवल्या. शहरातील बेघरांसाठी आज जे संपर्ककार्य नवे म्हणून सांगितले जाते, त्याचे तत्त्व डहाणू तालुक्याला अनेक दशके ठाऊक आहे.

समुद्रावर जाणारा वर्ग तिसरा. डहाणू-तलासरीचे अनेक तरुण गुजरातच्या वेरावळ, पोरबंदर, ओखा या बंदरांतील मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून जातात. पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपल्यावर हंगाम सुरू होतो आणि पुढील मेपर्यंत नौका हेच त्यांचे घर असते. सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून त्यांतील काही पाकिस्तानच्या तुरुंगात जातात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी अशा कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करतात, आणि पाड्यावर वाट पाहणारे कुटुंब त्या यादीवर नजर ठेवून असते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात गुजरातहून परतणाऱ्या अशा खलाशांच्या नौकांना किनाऱ्यावर उतरण्यास आरंभी मज्जाव झाल्याने त्यांना समुद्रातच थांबावे लागले होते.

त्याच टाळेबंदीत बांधकामे आणि भट्ट्या एकाएकी थांबल्या, आणि महामार्गावरून पायी निघालेल्यांत या तालुक्यांतील लोकही होते. शहरांत शाळा आणि सभागृहे तात्पुरते निवारे म्हणून उघडली गेली. इतक्या मोठ्या संख्येने निवारे थोड्या दिवसांत उघडता येतात, हेही त्यानिमित्ताने दिसून आले. राज्य शासनाने त्याच वर्षी आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान योजना पुन्हा जाहीर केली. तिच्यात प्रत्येक कुटुंबाला ४ हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने, देण्याचे ठरले.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसर तिचे केंद्र होता. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. भिंतींना तडे गेल्याने आणि भीतीने लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या साहाय्याने तंबू उभारण्यात आले. घर असून उघड्यावर झोपण्याची वेळ येथे गावातही आली, ती अशी.

स्थलांतर का होते, याचे एक कारण इतिहासात आहे. १९४५ मध्ये तलासरी भागातून सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्याने, श्यामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली, वेठ आणि लग्नगडी या प्रथा मोडून काढल्या. मात्र कुळकायदे आणि वनहक्क यांतून मिळालेली जमीन वर्षभराचे धान्य पुरवण्याइतकी क्वचितच असते. डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित झाला आणि उद्योगांवर निर्बंध आले. त्यामुळे येथील चिकूच्या वाड्या आणि जंगल टिकले, पण कारखान्यातील रोजगार सीमेपलीकडे राहिला. या निर्बंधांनाच स्थलांतराचे कारण ठरवणे मात्र अपुरे होईल, कारण डहाणूबाहेरच्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील स्थलांतर कमी नाही. १६ एप्रिल २०१३ रोजी मुंबई उपनगरी रेल्वे सेवा डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून स्थानकाजवळच्या गावांतील काही मजूर रोज ये-जा करू लागले. तलासरीला रेल्वे नाही.

रोजगार हमी हा स्थलांतराला पर्याय मानला जातो. तिचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्येच केला होता. काम मागितल्यावर वेळेत मिळणे आणि केलेल्या कामाची मजुरी वेळेत हाती पडणे या दोन गोष्टींवर तिचे यश अवलंबून असते. मजुरीला महिना लागत असेल, तर बयाणा रोख देणारा भट्टीमालक जवळचा वाटतो.

टीका आणि प्रश्न

शहरी बेघर निवारा योजनेवर मुख्य आक्षेप असा, की ती एकट्या आणि कायमच्या बेघर व्यक्तीला समोर ठेवून आखलेली आहे. हंगामी मजूर-कुटुंबांसाठी कुलूपबंद सामानघर, कुटुंबांच्या खोल्या, चूल पेटवण्याची जागा आणि नाक्याजवळ पाणी-शौचालय अशा साध्या सोयी अधिक उपयोगी ठरतील, असे कामगार संघटनांचे म्हणणे आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ अन्वये कामाच्या जागी तात्पुरता निवारा देणे ही मालकाची जबाबदारी ठरवण्यात आली होती, आणि बांधकाम खर्चावर एक टक्का उपकरही गोळा होतो. नाक्यावरच्या मजुराचा मालक मात्र रोज बदलतो. उपकरातून मिळणाऱ्या लाभांसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो कोणी द्यायचा, इथेच अर्ज अडतो. 'एक देश एक शिधापत्रिका' या व्यवस्थेमुळे गावची शिधापत्रिका शहरात चालू शकते. त्यासाठी शहरातील दुकानदाराकडे धान्याचा पुरेसा साठा असावा लागतो, आणि भट्टीवर राबणाऱ्याच्या झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटावे लागतात.

दुसरा आक्षेप प्रशासकीय आहे. बेघरांचा विषय नागरी उपजीविका अभियानाकडे, भिक्षेकरी महिला व बालविकास विभागाकडे, मनोरुग्ण आरोग्य विभागाकडे, स्थलांतरित मजूर कामगार विभागाकडे आणि आदिवासी कुटुंब डहाणू किंवा जव्हार येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे, अशी त्याची विभागणी झालेली आहे. पुलाखाली झोपलेल्या एकाच वारली कुटुंबात हे चार-पाच विभाग एकत्र येऊ शकतात, पण त्यांपैकी एकाच्याही नोंदवहीत ते कुटुंब त्या पुलाच्या पत्त्यावर लिहिलेले नसते.